अकराव्या ताशी चौकात उभा असलेला कामकरी

(शास्त्रपाठ : मत्तय २०, वचने १ ते १६)



आपल्या गंगापूर तालुक्यातील कोणत्याही मोठ्या रस्त्यावर पहाटे उभे राहिले असता जे दृश्य दिसते, ते आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. कोणी जेवणाचा डबा घेऊन वाळूजच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत असतो. कोणी फावडे व घमेले घेऊन चौकात उभा असतो. आणि कोणी हातात काहीच न घेता नुसता उभा असतो, कारण काय घेऊन कोठे जावे हेच त्यास ठाऊक नसते. थोड्या वेळाने गाड्या निघून जातात. मुकादम येतात व आपणांस हवी ती माणसे निवडून नेतात. ऊन वर चढल्यावर चौकात जे उरतात, त्यांच्याकडे पाहण्याचे आपण टाळतो. ह्या उरलेल्या मनुष्यांविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे. आपल्या प्रभूने एक संपूर्ण दृष्टांत त्यांच्यासाठी सांगून ठेविला आहे, आणि तो पुष्कळ वर्षे वाचूनही आम्ही त्यांस त्यात पाहिले नव्हते.

दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. एक घरधनी आपल्या द्राक्षमळ्यासाठी कामकरी ठरवावयास पहाटे बाहेर पडला. दिवसाची एक दीनार मजुरी ठरवून त्याने काही माणसे मळ्यात पाठविली. यहूदी लोक सूर्योदयापासून तास मोजीत. तेव्हा तिसरा तास म्हणजे आपले सकाळचे नऊ, सहावा म्हणजे दुपारचे बारा, नववा म्हणजे तीन, आणि अकरावा म्हणजे सायंकाळचे पाच. ह्या प्रत्येक वेळी तो घरधनी पुन्हा बाहेर गेला आणि आणखी माणसे घेऊन आला. सूर्य मावळावयास एकच तास उरला असता जेव्हा तो गेला, तेव्हाही त्यास तेथे माणसे उभी आढळली. दिवसभर रिकामे का राहिलात, असे त्याने विचारले. आपणांस कोणी कामावर लावलेच नाही, असे त्यांनी सांगितले.

आता घरधन्याने काय केले ते पाहा. त्याने त्यांची उलटतपासणी केली नाही. सकाळी उशिरा उठला असाल, मजुरी जास्त मागितली असेल, असे तो म्हणाला नाही. शेजारच्या मनुष्यास काम मिळाले, मग तुम्हांसच का मिळाले नाही, हेही त्याने विचारले नाही. त्याने त्यांचे उत्तर खरे मानिले व त्यांस मळ्यात धाडिले. काम न मिळालेल्या मनुष्याच्या शब्दावर प्रभूच्या दृष्टांतातील धनी विश्वास ठेवितो. मग आपण त्याच्या मंडळीतील लोक तसा विश्वास ठेवितो काय?

आम्ही ठेविला नव्हता, हे आज आम्ही लपवीत नाही. २०२० साली मार्च महिन्यात टाळेबंदी झाली आणि कारखान्यांची दारे बंद झाली. आमच्या मंडळीतील एक तरुण चार वर्षे ठेकेदाराकडून दुचाकीचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्यात कामास जात असे. कारखाना पुन्हा सुरू झाला, परंतु ठेकेदाराने ज्यांस परत बोलाविले त्यांत ह्याचे नाव नव्हते. नोव्हेंबरात प्रार्थनामंदिरे पुन्हा उघडली. त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही आळसाविरुद्ध उपदेश केला. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौलाने कामाविषयी जे कठोर शब्द लिहिले आहेत, ते आम्ही मोठ्या आवेशाने वाचून दाखविले. तो तरुण मागच्या बाकावर बसला होता. उपदेश संपण्यापूर्वीच तो उठून गेला, आणि पुढील तीन रविवार मंदिरात आला नाही.

चौथ्या रविवारानंतर त्याची आई आमच्या दारी आली. ती म्हणाली, "पाळकसाहेब, माझा लेक आळशी नाही. पाच कारखान्यांच्या गेटांवर तो जाऊन आला. पहिल्या दोन महिन्यांत तर काम सुटले हे त्याने मलाही सांगितले नाही. रोज डबा घेऊन निघायचा आणि कुठे तरी झाडाखाली खाऊन परत यायचा. आता एक माणूस चाळीस हजार रुपये घेऊन नोकरी लावून देतो म्हणतो. मी कानांतली फुले गहाण ठेवणार आहे. ठेवू का नको, तेवढे सांगा." आम्हांस त्या वेळी जी लाज वाटली, ती आजही वाटते. ज्या मनुष्यास बाहेर कोणी कामावर लाविले नव्हते, त्यास आम्ही देवाच्या घरातही उभे राहू दिले नव्हते.

म्हणून प्रथम पौलाचे वचन नीट समजून घेऊ या, कारण आमच्याप्रमाणे अन्य उपदेशक बंधूंच्या हातूनही त्याचा असा दुरुपयोग होत असेल. काम करण्याची इच्छाच ज्यास नाही, अशा मनुष्याविषयी प्रेषित तेथे बोलतो. थेस्सलनीकातील काही लोक कामधंदा सोडून घरोघर लुडबूड करीत व इतरांच्या जिवावर खात. त्यांस तो धमकावितो. ज्यास इच्छा आहे परंतु काम सापडत नाही, त्याच्याविषयी त्या वचनात एक अक्षरही नाही. इच्छा नसणे आणि संधी नसणे ह्या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत. एकीस पश्चात्ताप पाहिजे, दुसरीस साहाय्य पाहिजे. आजाऱ्यास शिक्षा देणारा वैद्य जसा वेडा, तसा बेकारास आळशी ठरविणारा उपदेशकही वेडाच होय.

मंदी येते कशी, हेही आपण समजून घेतले पाहिजे. म्हणजे तिच्या पापाचे ओझे आपण गरिबाच्या डोक्यावर ठेवणार नाही. ह्याच तालुक्यातील वाळूज येथे १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्या भोवती सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची वसाहत वाढली. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कित्येक घरांतील मुले तेथे कामास लागली. परंतु अशा वसाहतीची रचना उतरंडीसारखी असते. दूरच्या शहरात गाड्यांचा खप कमी झाला, की मोठा कारखाना भागांची मागणी कमी करितो. मागणी कमी झाली, की लहान कारखानदार एक पाळी बंद करितो. पाळी बंद झाली, की कायम मनुष्य राहतो व कंत्राटी मनुष्य घरी जातो. तो घरी गेला, की खोलीचे भाडे थकते, खाणावळ ओस पडते, आणि गावी आईबापांस बीबियाणे व खत उधारीवर घ्यावे लागते. उतरंडीच्या वरच्या मडक्यास धक्का कोणी दिला, हे खालच्या मडक्यास दिसत देखील नाही. परंतु फुटते ते मात्र तेच.

ही गोष्ट नवी नाही. १९२९ साली न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात पडझड झाली, आणि १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामकऱ्यांत सुमारे एक बेकार झाला. इकडे हिंदुस्थानात शेतमालाचे भाव कोसळले आणि ज्याने अमेरिकेचे नावही ऐकले नव्हते असा कुणबी कर्जात बुडाला. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली, आणि तिचे हादरे सर्व जगातील कारखान्यांस बसले. २०१९ च्या ऑगस्टात आपल्या देशातील प्रवासी मोटारींची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टापेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घटली. पुढे २०२० च्या एप्रिलात तर देशातील बहुतेक मोटार-कारखान्यांची देशांतील विक्री शून्यावर आली. अशा वेळी गेटवरून परत पाठविलेल्या मुलास, तुझ्यातच काही उणे असेल, असे जो म्हणतो, तो ईयोबाच्या मित्रांप्रमाणे बोलतो. आणि त्या मित्रांवर देव किती रागावला, हे त्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात लिहिलेले आहे.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यास विसरता येणार नाही. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडून मरण पावले. ते मध्य प्रदेशातील होते. जालन्यास पोलादाच्या कारखान्यात कामास होते. काम बंद झाले, तेव्हा भुसावळहून गाडी मिळेल ह्या आशेने ते रुळांच्या कडेने पायी निघाले, आणि रात्रभर चालून थकल्यावर तेथेच आडवे झाले. गाड्या बंद आहेत, असे त्यांस वाटले असावे. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या सापडल्या. अकराव्या ताशी त्यांस विचारावयास कोणी आला नाही, आणि बारावा तास त्यांच्यासाठी उजाडला नाही. बंधुभगिनींनो, काम जाणे म्हणजे काय, ह्याचा विचार करिताना त्या भाकऱ्या आपल्या डोळ्यांपुढे असू द्या.

आता ज्यांचे काम गेले आहे, त्यांच्याशी आम्ही बोलतो. दृष्टांतातील त्या शेवटल्या माणसांची एक गोष्ट आपण ध्यानात घ्या. नऊ वाजता त्यांस कोणी नेले नाही, बारा वाजता नेले नाही, तीन वाजता नेले नाही. तरी पाच वाजता ती चौकातच होती. ती घरी जाऊन तोंड झाकून निजली असती, तर घरधन्यास सापडली नसती. तेथे उभे राहणे हेच त्यांचे त्या दिवसाचे काम होते, आणि ते निवडून घेतले जाण्याच्या कामापेक्षा पुष्कळ कठीण होते. म्हणून शोधण्यात गेलेला दिवस व्यर्थ गेला, असे समजू नका.

पहिली गोष्ट ही की, काम गेल्याचे घरच्यांस व मंडळीस सांगा. जो लपवितो, त्याच्यासाठी कोणी शब्द टाकू शकत नाही. ठरलेल्या वेळी उठा, स्नान करा, आणि दिवसातील ठराविक तास शोधास द्या. कामे पुष्कळदा मनुष्याच्या तोंडून कळतात. म्हणून जुने सोबती, सुपरवायझर, दुकानदार, नातलग ह्या सर्वांस विचारा, आणि आपणांस कोणते काम येते, ते नेमके सांगा. कोणतेही काम द्या, असे म्हणणाऱ्याचे नाव कोणाच्या ध्यानात राहत नाही. मला लेथ चालविता येते, मला वेल्डिंग येते, असे सांगणाऱ्याचे नाव राहते.

दुसरी गोष्ट, हलक्या कामाची लाज धरू नका. नामीचे कुटुंब दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून गेले व सर्व गमावून परतले, तेव्हा रूथ ही परक्या देशाची विधवा कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचावयास गेली. सरवा वेचणे हे गावातील सर्वांत खालचे काम. परंतु तिने ते आपण होऊन मागून घेतले, आणि सकाळपासून पाठ वाकवून केले. शेताचा धनी बवाज ह्याने तिची चौकशी केली, ती तिच्या कुळामुळे नव्हे, तर ती कामात दिसली म्हणून. ज्यास कारखान्यात चार वर्षांचा अनुभव आहे, त्याने काही काळ कापूस वेचिला अथवा लासूरच्या बाजारात पोती उचलिली, तर त्याची विद्या पुसली जात नाही.

तिसरी गोष्ट, रिकाम्या काळात हातास एक नवी कला लावा. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्या दांपत्याची गोष्ट आहे. क्लौद्य बादशहाने यहूद्यांस रोमेतून घालवून दिले, तेव्हा त्यांचे घर व गिऱ्हाईक एका हुकुमाने गेले. परंतु तंबू करण्याची विद्या हातात होती, ती कोणत्याही बादशहास काढून घेता आली नाही. करिंथ येथे त्यांनी पुन्हा धंदा मांडिला, आणि पौलासही आपल्याजवळ काम दिले. आज आपल्या मुलांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, ज्यांस आपण आयटीआय म्हणतो. आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याप्रमाणे कारखान्यात शिकत असता विद्यावेतन मिळण्याची सोय आहे. जोडारी, वायरमनचे काम, मोटारी भरण्याचे काम, पंप व ट्रॅक्टर दुरुस्ती ह्यांची गरज मंदीतही राहते. कारण नवी वस्तू घेणे लोक पुढे ढकलितात, परंतु जुनी दुरुस्त केल्यावाचून त्यांचे चालत नाही.

चौथी गोष्ट, आपले कागद जपा. पगाराच्या पावत्या, अनुभवाचा दाखला, प्रॉव्हिडंट फंडाचा बारा अंकी क्रमांक, हे सर्व एका पिशवीत नीट ठेवा. काम सुटण्याच्या दिवशी रागाच्या भरात कोऱ्या कागदावर सही करू नका. काय लिहिले आहे ते वाचा, किंवा वाचवून घ्या.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारा मनुष्य लांडगा समजा, मग तो कितीही गोड बोलो आणि कोणाचीही ओळख सांगो. जेथे खरेच मनुष्य पाहिजे असतो, तेथे कामकऱ्यास पैसे देतात, त्याच्याकडून घेत नाहीत. दृष्टांतातील धन्याने चौकातून नेण्याबद्दल कोणाकडून काही घेतले नाही. सरकारने २०१५ साली राष्ट्रीय करिअर सेवा म्हणून नोकऱ्यांच्या नोंदीचे संकेतस्थळ सुरू केले. तेथे नोंदणीस पैसा लागत नाही. मंडळीतील शिकलेल्या एखाद्या मुलीने अथवा मुलाने दर शनिवारी बसून इतरांची नावे तेथे नोंदवून दिली, तर ती देखील एक सेवाच होईल. आणि सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी पाळकाच्या, अथवा बचतगटाच्या, अथवा एखाद्या शहाण्या नातलगाच्या दारी अवश्य जा.

आता ज्यांचे काम शाबूत आहे, त्यांच्याशी आम्हांस बोलावयाचे आहे. आणि दृष्टांताचा भर खरोखर ह्यांच्यावरच आहे. घरधनी स्वतः चौकात गेला. त्याने चाकर पाठविला नाही, आणि ज्यास गरज असेल तो मळ्यावर येईल असेही म्हटले नाही. तो एकदा जाऊन थांबलाही नाही. तो पाच वेळा गेला. सायंकाळी पाच वाजता एका तासापुरता मनुष्य नेऊन कोणत्या मालकाचा लाभ होतो? त्याच्या मनात द्राक्षांपेक्षा त्या मनुष्याची चिंता अधिक होती, हे उघड आहे. आणि संध्याकाळी त्याने त्यास तासाची मजुरी दिली नाही, दिवसाची दिली. कारण घरी जी चूल पेटावयाची होती, ती एका तासाची नव्हती. पोराबाळांची भूक मालकाच्या घड्याळाप्रमाणे लहानमोठी होत नाही.

अशी दया जगात चालत नाही, असे काही म्हणतील. परंतु ह्याच महाराष्ट्रात तिचा एक अंश चालताना आपल्या वडील माणसांनी पाहिला आहे. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, शेते करपली, आणि मराठवाड्यातील धडधाकट माणसे रिकाम्या हातांनी बसली. तेव्हा सरकारने रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणे अशी कामे काढिली. १९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे होती. मिलो ज्वारीची भाकर व सुकडी खाऊन दिवस काढिल्याचे सांगणारे म्हातारे आजही गावोगाव भेटतात. त्यांच्यापैकी पुष्कळांनी भीक मागितली नाही, घाम गाळून पोट भरिले. ह्या योजनेमागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांची कळकळ होती. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. जो मागेल त्यास काम, हे त्याचे तत्त्व. २००५ साली सर्व देशासाठी त्याच धर्तीचा कायदा करण्यात आला.

ह्या योजनेस पैसा कोठून आला, ते मात्र थोड्यांस ठाऊक असते. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला. शहरात ज्यास पगार होता, त्याच्या पगारातून थोडे कापून घेऊन खेड्यात ज्यास काम नव्हते, त्यास काम देण्यात आले. मुंबईतील कारकुनाने मराठवाड्यातील मजुराचे तोंडही पाहिले नव्हते. तरी पहिल्या ताशी कामावर लागलेल्याच्या मजुरीतून अकराव्या ताशी आलेल्याची चूल पेटली. कोणी कुरकुर केली असेल, कोणी केली नसेल. परंतु काम झाले. राज्याने जे कायद्याने केले, ते ख्रिस्ताच्या मंडळीने प्रीतीने करावयास नको काय?

आपल्या मंडळीच्या इतिहासातही असे उदाहरण आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतांतून उपासमारीने गांजलेल्या मुली व बाया आणून पुणे जिल्ह्यात केडगाव येथे त्यांस आश्रय दिला. बाईंनी त्यांस नुसते जेवू घालून बसविले नाही. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे त्यांस शिकविली. बाईंनी मूळ भाषांवरून शास्त्राचे मराठी भाषांतर केले, तेव्हा त्याच्या छपाईचे खिळे जुळविण्यास अशाच स्त्रियांचे हात लागले. जिला दुष्काळाने रस्त्यावर टाकिले, तिच्या हातून देवाचे वचन छापून निघाले. काम देणे म्हणजे मनुष्यास त्याचा मान परत देणे होय, हे बाईंनी ओळखले होते.

आपली मंडळी लहान आहे, गरीब आहे, हे आम्ही जाणतो. तरी पुढील गोष्टींस पैसा थोडाच लागतो. प्रत्येक उपदेशकाने आपल्या वहीत दोन पाने राखून ठेवावी. एका पानावर ज्यांचे काम गेले आहे त्यांची नावे व त्यांस येणारे काम लिहावे. दुसऱ्यावर मंडळीतील जे कामावर आहेत, ज्यांचे दुकान, शेत अथवा गाडी आहे, त्यांची नावे लिहावी. महिन्यातून एकदा ही दोन पाने शेजारीशेजारी ठेवून वाचावी. जो कारखान्यात कायम आहे, त्याने तेथे जागा निघाल्याची बातमी स्वतःपुरती न ठेविता मंडळीत आणावी. जो शेतकरी आहे, त्याने कापणीच्या वेळी बाहेरच्या टोळीपूर्वी आपल्या गावच्या बेकार मुलांस विचारावे, आणि ठरलेली मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तशी आज्ञाच आहे. आणि ज्याच्या घरी धान्य संपले आहे, त्याच्या घरी मंडळीचे धान्य अंधार पडल्यावर पोहोचवावे. सभेत नाव पुकारून देऊ नये.

ज्यांस आज चांगला पगार आहे, त्यांस योसेफाची आठवण देतो. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने पिकाचा पाचवा हिस्सा साठवून ठेवविला, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत मिसर देश वाचला आणि त्याचे स्वतःचे भाऊही वाचले. आपण मात्र सुकाळात हप्ते वाढवितो. बोनस मिळाला की दुचाकी, पगार वाढला की मोठा भ्रमणध्वनी, आणि लग्नात मंडपास कर्ज. पाचवा हिस्सा जमत नसेल, तर दहावा ठेवा, परंतु ठेवा. तो केवळ तुमच्यासाठी नाही. तुमच्या भावावर दुष्काळ येईल, तेव्हा तो त्यालाही उपयोगी पडेल.

दृष्टांताच्या शेवटी पहाटेचे कामकरी कुरकुर करितात. त्यांचे काही कमी झाले नव्हते. ठरलेली मजुरी त्यांस मिळाली होती. दुसऱ्यास मिळाले, हेच त्यांचे दुःख होते. आम्ही दिवसभर ऊन सोसले, असे ते म्हणाले. बंधूंनो, ऊन सोसणे कठीण खरे. परंतु काम मिळेल की नाही ह्या चिंतेने चौकात दिवसभर सोसलेले ऊन अधिक कठीण नव्हते काय? कामावरच्या मनुष्याच्या उन्हास संध्याकाळी मजुरी असते. चौकातल्या उन्हास काहीच नसते. प्रभूने आपणांस प्रार्थना शिकविली, तीत त्याने भाकर एकट्यासाठी मागावयास सांगितले नाही, सर्वांसाठी मागावयास सांगितले. ती प्रार्थना करून जो घरी जातो व शेजाऱ्याची रिकामी टोपली पाहत नाही, त्याने प्रार्थना अर्धीच म्हटली.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. त्याच्या आईस आम्ही सांगितले की, कानांतली फुले काढू नका. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि त्याची क्षमा मागितली. तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, काम नाही ह्याचे मला वाईट वाटत होतेच, पण देवही मला आळशी समजतो असे वाटले, तेव्हा उठलो." आमच्या मंडळीतील एका वडिलांचे लासूरच्या बाजूस विहिरींच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचे छोटे दुकान आहे. त्यांस आम्ही विचारले. ते म्हणाले, "दुसऱ्या माणसाइतके काम माझ्याकडे नाही, पण एका माणसाला शिकवण्याइतके आहे." पहिले सहा महिने त्या तरुणास जेवण व थोडे पैसे मिळाले. पुढे हात बसल्यावर तो गावोगाव जाऊन मोटारी काढून आणू लागला. कारखान्यात मिळत असे तितके त्यास आजही मिळत नाही. परंतु तो आईस घेऊन रविवारी मंदिरात येतो, आणि मागच्या बाकावर नव्हे, मधल्या बाकावर बसतो. चाळीस हजार मागणारा तो मनुष्य त्या भागात पुन्हा दिसला नाही.

प्रत्येकाची गोष्ट अशी लवकर सुधारेल, असे वचन आम्ही देत नाही. शास्त्रही देत नाही. कित्येकांस तिसरा, सहावा व नववा तास असाच रिकामा काढावा लागेल. परंतु इतके आम्ही निश्चयाने सांगतो की, रिकामा तास हा शापाचा तास नव्हे, आणि चौकात उभा असलेला मनुष्य टाकलेला मनुष्य नव्हे. दिवस मावळेपर्यंत धनी त्याच्याकडे पुनःपुन्हा येत असतो. तो येतो तेव्हा पुष्कळदा आपल्यापैकी कोणाचे तरी पाय घेऊन येतो. म्हणून येत्या रविवारी मंदिरात जाताना वाटेत चौकाकडे पाहा. आणि तेथे कोणी उभा असल्यास त्याच्याजवळ जाऊन त्यास विचारा, व त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवा.

हे दयाळू पित्या, ज्यांच्या हातांस आज काम नाही त्यांचे हात तू धर. ज्यांच्या हातांस काम आहे त्यांचे हात तू उघड. आणि आम्हां उपदेशकांस आमच्या जिभेचा हिशोब द्यावयाचा आहे ह्याची आठवण राहू दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.